लांबी

परभणीत, जिंतूर रोडला, मुनीर मिस्त्रीच्या शेडमध्ये
दोन गाड्या उभ्या.

एक शाळेची. वरून पांढरा रंग मारलाय,
तरी बिजागरीपाशी पिवळा डोकावतो.
मिस्त्री लोहचुंबक फिरवतो :
चिकटत नाही तिथं पत्रा नाही,
नुसती लांबी भरलेली.

दुसरी कुरिअरची, तीन वर्षांची.
"ही रुसली की लॅपटॉप मागती, सर.
ती रुसली तर पाना.
पण तिच्या पासिंगला आरटीओत तुमी जायचं,
मी न्हाई."

मी वहीत मांडतो
ग्रॅच्युइटीतून उरलेले, हप्ता, ओटा, पाण्याची टाकी.
जायचं कुठं, ते पान कोरंच.

कुशावर्ता चपला काढते,
कुरिअरच्या गाडीत आडवी होते.
गुडघे दुमडतात. उठते.
शाळेच्या गाडीत शिरते,
उपटलेल्या बाकांच्या भोकांवर पोतं टाकून निजते.
बराच वेळ बाहेर येत नाही.

मे महिना. पत्रा हात लावू देत नाही.
मी वाकून बघतो :
खिडकीखाली कुणी कर्कटकानं कोरलंय
'आज गणित नाही'.
ती ते वाचतेय
पाय पार ताणून.

"मिस्त्री, लांबी किती लागंल?"

"कोणती?" तो विचारतो.