कावळ्याचं अंतर

तिबिलिसीत चढ फार.
नेस्तान सायकल खांद्यावर घेते,
एकशे बारा पायऱ्या,
पाठीवरच्या पेटीत कुणाची तरी खाचापुरी,
ऊन ऊन.
पाठ तेवढी शेकते. बोटं नाहीत.

अ‍ॅप अंतर मोजतं कावळ्यासारखं:
छपरांवरून, सरळ.
पायऱ्या त्याच्या हिशेबात नाहीत,
हॉटेलच्या दारात ताटकळलेली अकरा मिनिटंही नाहीत.

काम अर्धवेळ, म्हणून विमा नाही.
काल ती घसरली
तेव्हा आधी फोनच बोलला:
ऑर्डरला उशीर होतोय.

पायरीवरचा बर्फ गुडघ्याला लावत म्हणाली,
"बाद्री, कावळा कधी पाहिलास
सायकल घेऊन चढताना?"

मला हसता आलं नाही.
पेटीतली खाचापुरी निवत चालली होती,
आणि तिची पाठही.