कारण लिहा

सोमवारपासून उधारीचे फोन मी करायचे नाहीत.
धाकट्या शेठने खुर्ची ओढून समजावलं,
"शिर्केबेन, तुम्ही फक्त नियम सांगा, बाकी ते करेल."
'ते' म्हणजे पडद्यावरची एक निळी चौकट,
जिला नाव नाही आणि चहा लागत नाही.

मी नियम सांगितले.
सात दिवस झाले, तर नमस्कार आणि रक्कम.
पंधरा झाले, तर नुसती रक्कम.
तीस झाले, तर शेठचं नाव घालायचं.
मकरपुऱ्यात सत्तावीस वर्षं
हेच तर बोलत आले, गुजरातीत, गोड.
सांगता आलं नाही ते राहून गेलं:
पादऱ्याचा हसमुखभाई चिडून बोलला की पैसे येतात,
गोड बोलला की येत नाहीत.
वाघोडियाला दुपारी फोन लावू नये, सून उचलते,
मग रात्री त्या घरात भांडण.
याला रकाना नव्हता.

पहिल्याच दिवशी अकरापर्यंत
दोनशे चाळीस निरोप गेले. माझा अख्खा महिना.
साडेअकराला पैसे यायला लागले.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
घसा मोकळा. डबा गरम असताना खाल्ला.
तेलाचे डाग पडलेली बिलंसुद्धा वाचतं ते,
बेअरिंगचा एक नंबर चुकत नाही.
माझे सहा आणि शून्य अजून भांडतात.

बुधवारी त्याने मला विचारलं.
"ग्राहक ११४. पांचाळ टर्निंग वर्क्स, छाणी.
एकोणीस वर्षांत एकदाही व्याज लावलेलं नाही.
कारण लिहा."

ऑडिटरने कधी विचारलं नव्हतं.
मोठ्या शेठनेही नाही. त्यांना ठाऊक नव्हतं
की होतं, ते आता फोटोला विचारावं लागेल.

मी लिहिलं: पूर.
"कारण किमान वीस अक्षरांचं हवं."

मग लिहीतच सुटले.
विश्वामित्री समाच्या गोदामात शिरली, त्या सकाळी
रजनीकांत पांचाळ मुदत मागायला आला होता.
पाणी त्याच्या कमरेला, माझ्या छातीला,
मगरी बाहेर पडल्यात अशी कुठूनशी ओरड.
त्याने खातेवह्या डोक्यावर घेतल्या,
एका हाताने माझा दंड धरला,
आणि वर म्हणतो, "बेन, माझी उधारीपण यातच आहे ना?
मग तर जपून न्यायला पाहिजे."
वह्यांचं एक पान ओलं झालं नाही.
त्याचं बाकी नऊ हजार चारशे, स्वच्छ वाचता येत होतं.

"धन्यवाद. नियम जतन केला:
पुरात मदत करणाऱ्यास व्याज नाही.
हा नियम आणखी कुणाला लावायचा?"

हात उचलून मांडीवर ठेवले.
शेजारच्या गाळ्यात लोखंड कापत होते.
धाकटे शेठ काचेपलीकडे फोनवर, हसत.

फाटकापाशी एक जण होता, विजेच्या खांबाला दोर बांधून
दुसरं टोक त्याने मनगटाला गुंडाळलं होतं.
आमच्याकडे त्याचं खातं नाही.
नावही विचारलं नाही मी, साडी सावरत होते.

"ग्राहक क्रमांक भरा."
रिकामा सोडला.
नावापुढे लिहिलं, दोरवाला.
वीस भरत नव्हती,
म्हणून आठवून आठवून
त्याच्या शर्टाचा रंग लिहिला.