अर्धा आटा

जलखात्यातले आम्ही आठ जण
आणि पाणी मात्र विकतचं.
बोरिवलीच्या फाटकाबाहेर दोन डझन बाटल्या घेताना
मुमताज म्हणाली, कुणी ओळखीचं बघत नाही ना?
सगळे हसलो.
घाडीकाका हसले नाहीत.
त्यांनी घरून आणली होती
फिरकीच्या झाकणाची स्टीलची बाटली,
तिला जुना पायमोजा घातलेला.

पावती, नावं, वयं.
बासष्टपाशी वनरक्षकाचं पेन थांबलं.
'चढतील ना?'
'एकतीस वर्षं भांडुपची टेकडी चढलोय,'
काका म्हणाले, 'पहाटे साडेतीनला,
खांद्यावर व्हॉल्व्हची चावी
आणि मागे कुत्री.'

डिसेंबर. कारवी वाळून काठ्या-काठ्या झालेली.
पुढे नवसू, पायात रबरी चप्पल.
आमचे बूट चार-चार हजारांचे
आणि घसरत होतो आम्हीच.
त्यानं कांडोळ दाखवला, पांढराफटक,
उन्हातही चांदण्यात उभा असल्यासारखा.
वाटेत वाळलेली विष्ठा, तिच्यात केस.
रोहिदासनं वाकून विचारलं, 'कुत्रा?'
'कुत्रा होता,' नवसू म्हणाला,
'आता वाघ आहे.'

त्यानंतर अंताक्षरी आपोआप बंद पडली.

दुसऱ्या चढावर फर्नांडिसनं सिगारेट सोडली,
(सपाटीवर पुन्हा धरली.)
काका दर वळणावर थांबत,
काठी जमिनीत रोवत,
तिच्या टोकाला कान लावत.
गळती ऐकायची सवय.
'काय ऐकू येतंय?' मी विचारलं.
'खाली पाईपच नाही,' म्हणाले,
जरा गोंधळून,
ओळखीच्या घराचं दार वाजवावं
आणि आतून कुणी ओ देऊ नये तसे.

माथ्यावर वारा आणि नेटवर्क, दोन्ही एकदम.
जो तो आपापली इमारत शोधू लागला,
सगळ्या सारख्याच, तरी प्रत्येकाला सापडली.
मग नवसूनं काठीनं दाखवलं: ते बघा, तुळशी.
झाडीत कुणी परात विसरून गेल्यासारखं
थोडं पाणी.

काकांनी चष्मा पुसला. परत घातला.
'ह्याच तुळशी?'
घरची बोली बाहेर आली होती.
'इतक्याच?'

मी इंजिनिअर. मी सांगायला लागले,
खरं पाणी लांबून येतं, वैतरणा, भातसा,
हे आपलं घोटभर,
शंभर-शंभर किलोमीटरचे...
'म्हायत हा गो,' ते म्हणाले.
मी गप्प बसले.

त्यांच्या डाव्या भुवईत एक खाच आहे.
एका मे महिन्यात, कुठल्याशा गल्लीत,
पाणी अकराच मिनिटं आलं
म्हणून कुणीतरी रिकामी कळशी फेकली होती.
त्यांनी चावी खाली ठेवली नव्हती.
हे मला नंतर मुमताजनं सांगितलं.

ते दगडावर बसले. तळ्याकडे तोंड.
उजवा हात हवेत धरला,
मूठ वळली, मनगट फिरलं
अर्धा आटा,
थांबलं,
जरासं मागे आलं.
ते काही मोजत होते, ओठांत.
मी विचारलं नाही.

फर्नांडिसनं चिवडा उघडला.
एक माकड आलं, चिवडा गेला,
आरडाओरडा, फोटो,
आणि उतरताना माझा गुडघा.

सोमवारी पोटऱ्या दगड झालेल्या.
कठडा धरधरून ऑफिसचा जिना चढले.
तक्रार वहीत पहिलीच नोंद:
तिसरा मजला, धार करंगळीएवढी,
तुम्ही लोक झोपा काढता का.
मी नेहमीचंच लिहिलं, पाहणी करून कळवू.
मग उठून पश्चिमेची खिडकी उघडली.
नव्या टॉवरनं डोंगर झाकलाय,
पण गॅलरीच्या अगदी टोकाला उभं राहिलं
तर उजवीकडे दिसतो
अंगठ्याच्या नखाएवढा,
करडा-हिरवा.