गळ

दुसऱ्या शनिवारी अमरावतीहून इंगोले मॅडम येतात.
डिक्कीत स्टीलची पेटी, पेटीखाली दुमडलेली सतरंजी,
मोर्शी रोडचे खड्डे अवजारांना लागू नयेत म्हणून.
पेटी मीच उतरवते.
दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालत नाही.

आज टेबलावर पंचफुला नेवारे, वय चौतीस,
वरुडच्या मंडीत संत्र्याची छाटणी करते.
नजरेनं नंबर सांगते, काटा मागाहून हो म्हणतो.
महिन्यातले बारा दिवस वाहणारी, दोन बाटल्या रक्त चढवून आणलेली.
मॅडम म्हणाल्या होत्या, संत्र्याएवढी गाठ आहे.
तिनं विचारलं, "कोन्त्या संत्र्याएवढी?
आंबियाच्या का मिरगाच्या?"
मॅडम हसल्या नाहीत. पुन्हा फोटो पाहिला.
"आंबियाच्या. पहिला नंबर."
"मंग पेटीत वर लावाचा माल हाये म्हना."

जावा म्हणाल्या होत्या, पिशवीच काढून टाक, कटकट जाते.
हिनं मॅडमला गळ घातली:
गाठ घ्या, पिसवी राहू द्या.

बेंबीपाशी एक भोक, बाजूंना तीन.
गॅस भरला की पोट वर येतं,
आठव्या महिन्यासारखं, आत कुणी नसताना.
दुर्बीण मी आधी थर्मासातल्या गरम पाण्यात बुडवते,
नाहीतर आतल्या उबेनं ती धुरकटते,
हिवाळ्यात चुलीपाशी आलेल्याच्या चष्म्यासारखी.

मग तो स्क्रू.
दोन वीत दांडी, टोकाला पीळ.
आमच्याकडे विहिरीत बादली पडली
की दौलत कुंभरेकडून गळ आणायचे,
चार आकड्यांचा, दोराला बांधलेला.
पाणी न ढवळता तळ चाचपायचा.
बादली लागली की दोर जड व्हायचा
आणि काठावरचे सगळे गप्प.

पडद्यावर गाठ पांढरी, गुळगुळीत, हट्टी.
मॅडम स्क्रू फिरवतात. दीड वळण. ओढतात.
आम्ही सगळे गप्प.

बारा चाळीसला लाईन गेली.
भुलीचं मशीन बॅटरीवर श्वास देत राहिलं,
पडदा तेवढा काळा.
मॅडमचे हात होते तिथंच,
न दिसणाऱ्या जागी दोर धरून.
बाहेर गजूनं जनरेटरला तीनदा दोरी मारली,
तिसऱ्यांदा शिवीसकट.
उजेड आला. गाठ तशीच, गळाला.

मग आतच एक प्लास्टिकची पिशवी उघडतात,
पिशवीतली गाठ पिशवीत घालतात,
तुकडा सांडू नये म्हणून.
तिथंच कापायची,
लांब लांब सालीसारखी बाहेर ओढायची.
गर्भपिशवीला आतून टाके, थराला थर.
मला ते पाहता येत नाही. दरवेळी पाहते.

संध्याकाळी तिनं डोळे उघडले.
"पिसवी हाये न व?"
"हाये."
"तोललं का?"
"एकशे ऐंशी ग्रॅम."
"बराबर सांगतलं मॅडमनं," म्हणाली, अन् पुन्हा झोपली.

आता मी आणि बेसिन.
एकेक जबडा उघडायचा, नळीत ब्रश घालायचा,
दुसऱ्या टोकानं स्वच्छ पाणी येईस्तोवर.
पाच मिलिमीटर. माझ्या करंगळीहून बारीक.

माझी पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली, याच इमारतीत.
बेंबीखाली उभा टाका, वीतभर.
वाकलं की अजून ओढतो.
तेव्हा ही पेटी नव्हती,
किंवा असेल, दुसऱ्या रस्त्यावर.
माझी गाठ केवढी होती, कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
लिंबाएवढी असेल. बोराएवढी.
नसेलही.

स्क्रूच्या पिळात एक पांढरा धागा अडकलेला.
ब्रशनं निघेना, तेव्हा पाण्यात धरून
बोटांनी फिरवला, उलटा,
दीड वळण.