तीन नग, एक रियाल

सहमच्या बाजारात, सगळं स्वस्त मिळतं त्या दुकानात
तीन नग, एक रियाल.
पुठ्ठ्यावर प्लास्टिकखाली चिकटवलेल्या
सीटबेल्टच्या नुसत्याच जिभा. पट्टा नाही.
खाचेत खुपसली की गाडीला वाटतं
माणूस बांधलेला आहे,
आणि ती गप्प बसते.

मीच घेतल्या होत्या.
अश्फाक परकारच्या कोरोलाची टिंगटिंग
पहाटे पावणेपाचला माझ्या डोक्यात जायची.
त्याच्या नाही. तो म्हणायचा,
घरचं कुणी बोलतंय असं समजायचं.

कंपनीची बस सोहार पोर्टला सव्वा तास घेते.
चालवतो गुलजमीन, स्वातचा.
काटा ऐंशीच्या वर गेला तर त्याला पाप लागत असावं.
प्रत्येक कॅम्पवर थांबते, फलजच्या गोल चौकात थांबते,
कुणाचा डबा राहिला तर चक्क मागे वळते.
आम्ही तिला बैलगाडी म्हणायचो
आणि चौघं परकारच्या गाडीत.
पंचवीस मिनिटं. गेट.

रोजची पन्नास मिनिटं वाचत,
महिन्याचे एकवीस तास आणि वर काही.
हर्णैला फोनवर अक्काला हे ऐकवलं
तर म्हणाली, मग करतोस काय त्या वेळाचं?
काय सांगणार.
झोपतो. मोबाईल बघतो.
एकदा नखं कापली होती.

धुकं होतं त्या दिवशी, समुद्राकडून आलेलं,
खारट, ओलं, काचेला चिकटणारं.
पाण्याचा टँकर हळूहळू वळत होता,
त्याला कसलीच घाई नव्हती.

मागच्या सीटला टिंगटिंग नसते.
मागे कोण बसलंय, बांधलंय की सुटं,
त्या गाडीला पर्वा नव्हती.
मी पट्टा लावायचो तो
डबा मांडीवरून घसरू नये म्हणून.
डबा वाचला.
मी वाचलो.
वेळ तर निघाल्यापासून वाचतच होता.

पुढे, परकारच्या कमरेशी,
मी आणलेली जीभ खाचेत घट्ट बसलेली.
गाडी शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही.

आयुष्याची दोरी, म्हणाले लोक.
दैव, म्हणाले.
मी मान डोलावली.
दोरीचा भाव मला ठाऊक होता,
पावती अजून पाकिटात आहे.

दोन नग शिल्लक आहेत.
कचऱ्यात टाकवत नाहीत. कुणीतरी उचलेल, पुसेल, वापरेल.
कपाटात, पासपोर्टच्या खाली ठेवलेत.

आता बसने जातो.
माझ्या सीटचं बक्कल तुटलंय,
पट्ट्याची दोन टोकं घेऊन गाठ मारतो,
निरगाठ, नाडीला मारतात तशी.
शेजारी नांदेडचा नवा पोरगा, संतुक,
गाठीकडे बघून हसतो.
काका, म्हणतो, वेअरहाऊसचे काहीजण पजेरोनं जातात,
वीस मिनिटांत पोचतात म्हणे.
एक जागा रिकामी आहे.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडतो
तेवढ्यात मागून आरोळी, डबा राहिला!
गुलजमीन आरशात बघतो,
इंडिकेटर लावतो,
रिकाम्या रस्त्यावरही दोनदा मागे बघतो
आणि वळवतो.

संतुक कपाळावर हात मारतो.
मी त्याच्या मांडीवरून वाकून
त्याच्या पट्ट्याची टोकं शोधू लागतो.
एक सापडलं.
दुसरं सीटच्या फटीत खोल गेलंय.
थांब, म्हणतो,
वेळ आहे.