कच्चं मुद्रित

बडोद्यात, रावपुऱ्यातल्या छापखान्यात
एकोणतीस वर्षं हंसाआत्या लोकांच्या चुका वाचत होती.
रविवारी मात्र लुनाला गळाची काठी उभी बांधून
पादऱ्यावरून डबक्याला जायची, महीच्या काठी.
गावाचं नाव डबका, आणि नदी अर्धा कोस रुंद!
"जुळाऱ्याची चूक," म्हणायची. "राहू दे."

आल्या आल्या गळ टाकायचा नाही.
ओहोटीत जाऊन बसायचं.
पाणी उतरलं की वाळू उघडी पडते,
तेव्हाच पाठ करून घ्यायची.
हा दांडा, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा.
हा दुसरा, त्याला समांतर, पण मधेच तुटलेला.
दोघांमधली घळ कमरेइतकी,
आणि तुटलं तिथे खाच.
"येणारा ह्याच दारातून येणार, बघ.
मासा काही भिंत चढून येत नाही."
चपला हातात घेऊन ती पावलांनी मोजायची.
वहीत आकडे: खुंटापासून बेचाळीस, डावीकडे सात.

छीताभाई माछी होडीला डांबर लावता लावता म्हणे,
"ओट छे, बेन, हजी वार छे."
आत्या: "ओहोटी."
तो: "ओट."
दोघांचं ऐकून पाणी जरा आणखी खाली जायचं.

मग खंबायतकडून भरतीचा घोडा.
आधी नुसता कानाला,
कुणी लांबवर पोती ओढत असावं तसा,
मग एक पांढरी ओळ, नदीभर.
काठावर चढून उभं राहायचं. घोडा जाऊ द्यायचा.
मागे सगळं सपाट, मातकट,
म्हैस बुडालेली, दार बुडालेलं,
आणि आत्या म्हणायची, "वाच."

काय वाचू? काहीच नाही.

"फेस कुठे फुटतोय?"
तिथे. आणि तिथे.
"तिथे उथळ. दांडा आहे खाली.
आणि मधे, जिथे फुटत नाही?
जिथे लाट नुसती खांदा उडवून पुढे जाते?"
मी गप्प.
"शब्द सुटलाय तिथे. टाक."

एकदा जिताडा लागला, पावणेतीन किलोचा.
आमच्या सोसायटीत दुसरं कुणी खात नाही.
आत्याने तो ओल्या गोणपाटात गुंडाळला,
गोणपाट छापखान्याच्या पिशवीत.
जिन्यात दक्षाबेन. "शुं लाव्या?"
"प्रूफं," आत्या म्हणाली. "ओली आहेत अजून."

आणि एकदा भांगेच्या अष्टमीला,
पाणी धड चढतही नव्हतं तेव्हा,
मी विचारलं, तू लग्न का नाही केलंस?
ती दातांनी गाठ आवळत होती.
आवळून झाली. दोरा तोडला.
कोळंबी शेपटीकडून नीट ओवली.
मी नदीकडे बघत राहिले.
फेस कुठेच नव्हता.

यंदा आश्विनात एकटीच गेले, तिची वही घेऊन.
पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं होतं,
खुंट वाहून गेला.
आता बेचाळीस कशापासून मोजायचे?
तरी अंदाजाने तिच्याच खाचेत गळ टाकून
दोन तास बसले. दोन वेळा कोळंबी बदलली,
तीही उगाच, कुणी तोंड लावलंच नव्हतं.
मग एक बगळा आला
आणि बरोब्बर आत्याच्या दारात उतरला,
घोटाभर पाण्यात.
छीताभाईचा नातू काठावरून हसत होता.

पेन्सिल काढून सतराव्या पानावर काट मारली.
खाली नवे आकडे घातले,
विजेच्या खांबापासून एकसष्ट, उजवीकडे चार.
मग काट मारलेल्या ओळीखाली,
ती द्यायची तशी,
एकेक करून बारीक टिंबं दिली.
राहू दे.