एक टिंब कमी

गाझियांतेपला, टायरच्या गोदामामागे
मुनीर झंबक यांनी पितळी ठसा माझ्या टेबलावर ठेवला.
अलेप्पो सोडताना घराच्या किल्ल्या राहिल्या होत्या,
हा मात्र आला होता, लोकरी मोज्यात गुंडाळून.

"आमचा लोगो," ते म्हणाले,
"जरा नीट करून दे."

अक्षरं उलटी, ठशावर असतात तशी.
मी ती पडद्यावर सुलटी केली
आणि दिसलं, पहिल्या अक्षरावरचं टिंब नाही.
अरबीत टिंब गेलं की झ चा र होतो.
झंबक म्हणजे लिलीचं फूल.
रंबक म्हणजे
काहीच नाही.
तीन पिढ्या हे घराणं
साबणाच्या वडीवर ठोकून ठोकून
काहीच नाही विकत होतं.

मी टिंब दिलं.
अक्षरांची गोलाई घासली, कडेला लॉरेलचं एक पान वळवलं,
हिरव्याच्या चाळीस छटांतून एक हिरवा उचलला.
अठरा पानांचं सादरीकरण केलं,
त्यातलं एक अख्खं पान नुसतं 'विश्वास' या शब्दाला.
मुनीर यांनी चष्मा पुसून सगळं पाहिलं.
"छान," म्हणाले. पैसे वेळेवर दिले.

पुतण्या इयादने नवा ठसा पाडून आणला.
ओतलेला साबण जमिनीवर शेतासारखा पसरलेला,
त्यावर दोन माणसं उकिडवी, हातात लाकडी हातोडे,
ठक ठक, सरकले, ठक ठक.
मग वड्यांचे मनोरे, मधून वारा जाईल असे,
आणि नऊ महिने वाट पाहणं.
साबण वाळायला आणि मूल यायला सारखाच वेळ लागतो,
असं इयादची बायको म्हणाली. तिला तेव्हा सातवा होता.

पहिली पेटी माल्मोहून परत आली.
मग त्याच आठवड्यात दुसरी.
मग तिथल्या दुकानदाराचा फोन:
उम्म गियास नावाची म्हातारी दर महिन्याला सहा वड्या नेते.
मोतीबिंदू झालाय, आणि वाचायला तर ती कधी शिकलीच नाही.
वडी घेते, अंगठा फिरवते, पिशवीत टाकते.
या वेळी अंगठा थांबला.
"इथे खड्डा आहे," म्हणाली.
"झंबकच्या साबणाला इथे खड्डा नसतो.
नकली माल मला देऊ नकोस बाबा,
तुझ्या आजीला न्हाऊ घातलंय मी."

मुनीर हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.
खणातून त्यांनी चार जुन्या वड्या काढल्या, चारही बनावट,
अलेप्पोच्या बाजारात वेगवेगळ्या वर्षी पकडलेल्या.
चारही वड्यांवर टिंब होतं.
"नक्कल करणारे शिकलेले होते," ते म्हणाले,
"चूक दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा."

टिंब आजोबांच्या काळात उडालं होतं,
कुणा नवख्याच्या हातोड्याखाली.
दुरुस्तीला तेव्हा पैसे नव्हते.
पैसे आले
तोवर लोकांचे अंगठे तयार झाले होते.

मी टिंब काढलं. एक कळ दाबायची, बस.
पानही काढलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.
'विश्वास'चं पान काढताना थोडी लाज वाटली.

जाताना त्यांनी एक वडी दिली, जुन्या ठशाची.
पहिल्याच आंघोळीत अक्षरं बुजायला लागली,
चौथ्या दिवशी सगळीच गेली.
बोलायचं ते बोलून लोगो सगळ्यात आधी निघून जातो,
मग न्हाणीघरात तुम्ही आणि साबण.
तो वितळत आत हिरवा हिरवा होत गेला,
फेस कमी, वास पुष्कळ,
शेवटचा कवडीएवढा तुकडा मी नव्या वडीला चिकटवला.

परवा माल्मोची ऑर्डर आली.
इयादने ती कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवली,
कडेवरच्या मुलीलासुद्धा:
दोन पेट्या.
खड्ड्याशिवाय.